कोलफॅक्स, १८७३: हक्क कागदावर आणि बंदूक शेजाऱ्याच्या हातात

पाऊलवाट (धागाकर्ता)

१४ एप्रिल १८७३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यू ऑर्लिन्स शहरातील खाटकांच्या एका खटल्याचा निकाल दिला. शहरातील सगळी जनावरे एकाच कंपनीच्या कत्तलखान्यात कापली जावीत, असा कायदा लुइझियाना राज्याने केला होता, आणि धंदा हिरावला गेला म्हणून गोरे खाटीक चौदाव्या घटनादुरुस्तीचा आधार घेऊन न्यायालयात गेले होते. पाच विरुद्ध चार मतांनी ते हरले. वरवर पाहता या निकालाचा कृष्णवर्णीयांशी काही संबंध नव्हता. परंतु तो देताना न्यायालयाने असे ठरवून टाकले की माणसाचे बहुतेक नागरी हक्क त्याला राज्याचा नागरिक म्हणून मिळतात, देशाचा नागरिक म्हणून नव्हे, आणि म्हणून त्यांचे रक्षण करणे हे राज्याचे काम आहे. आदल्याच दिवशी, ईस्टरच्या रविवारी, त्याच लुइझियानात रेड नदीच्या काठावरील कोलफॅक्स या लहानशा गावी सरकारी कचेरी राखून बसलेल्या कृष्णवर्णीयांची कत्तल झाली होती. वॉशिंग्टनमध्ये निकाल जाहीर झाला तेव्हा त्यांची प्रेते अजून उघड्यावर पडलेली होती.

अमेरिकेच्या यादवी युद्धाबद्दल आपण लिंकनच्या खुनापर्यंत वाचतो आणि पुस्तक मिटतो. त्यानंतरची बारा वर्षे, १८६५ ते १८७७, ज्यांना तिकडे पुनर्रचनेचा काळ म्हणतात, ती मराठी वाचकाच्या वाट्याला फारशी येत नाहीत. मला ती युद्धाइतकीच महत्त्वाची वाटतात, आणि या काळातील एक प्रश्न मला अनेक वर्षे सोडत नाही, म्हणून हा धागा काढतो आहे. हक्क घटनेत लिहिला गेला, सरकारने तो मान्य केला, पण शेजारीच तो हिसकावून घेऊ लागला तर दाद कोणाकडे मागायची?

हे मराठीत मांडण्याला आणखी एक कारण आहे. जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ हे पुस्तक याच १८७३ सालचे. गुलामांना मुक्त करण्याच्या कामी निरपेक्षपणे झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना ते त्यांनी अर्पण केले, आणि आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या मुक्तीसाठी तोच कित्ता गिरवावा, अशी इच्छा व्यक्त केली. ज्या अमेरिकेकडे पुण्यातून इतक्या विश्वासाने पाहिले जात होते, त्या अमेरिकेत त्या वर्षी काय चालले होते, हे मराठी माणसाने नीट समजून घ्यावे असे मला मनापासून वाटते.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. युद्ध संपले तेव्हा सुमारे ४० लाख माणसे गुलामीतून सुटली. १८६५ साली तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी रद्द झाली, १८६८ साली चौदाव्या दुरुस्तीने नागरिकत्व आणि कायद्याचे समान संरक्षण दिले, आणि १८७० साली पंधराव्या दुरुस्तीने वर्णाच्या कारणावरून मताधिकार नाकारण्यास बंदी केली. हे सुखासुखी झाले नाही. लिंकननंतर अध्यक्ष झालेले अँड्र्यू जॉन्सन यांनी दक्षिणेतील जुन्या सत्ताधाऱ्यांना सरसकट माफी दिली, आणि त्या राज्यांनी लगेच असे कायदे केले की मिसिसिपीत मुक्त झालेल्या माणसाला दर जानेवारीत आपण कोणाच्या चाकरीत आहोत याचा लेखी पुरावा दाखवावा लागे. तो नसला तर भटक्या म्हणून दंड, आणि दंड भरता आला नाही तर जो कोणी तो भरील त्याच्याकडे सक्तीची मजुरी. हे पाहून काँग्रेसने, म्हणजे तिकडच्या संसदेने, १८६७ साली दक्षिणेतील दहा राज्यांचे पाच लष्करी विभाग केले आणि कृष्णवर्णीय पुरुषांना मतदार करूनच नवी राज्यघटना करा, अशी अट घातली. पुढच्या काही वर्षांत सुमारे २,००० कृष्णवर्णीयांनी लहानमोठी सरकारी पदे भूषवली. हायरम रेव्हल्स १८७० साली मिसिसिपीतून सिनेटमध्ये गेले. रॉबर्ट स्मॉल्स यांनी युद्धकाळात, स्वतः गुलाम असताना, चार्ल्स्टन बंदरातून शत्रूची आगबोट कुटुंबासह पळवून उत्तरेच्या आरमाराच्या हवाली केली होती. ते पुढे साउथ कॅरोलिनातून प्रतिनिधिगृहात निवडून गेले. दहा वर्षांपूर्वी ज्यांना अक्षर शिकवणे हा गुन्हा होता, त्यांनी दक्षिणेत सरकारी शाळा उभ्या केल्या.

आता कोलफॅक्स. १८६९ साली नव्याने केलेल्या या जिल्ह्याला अध्यक्ष ग्रँट यांचे आणि गावाला उपाध्यक्ष कोलफॅक्स यांचे नाव दिलेले होते. कचेरी म्हणजे एका मोठ्या मळेवाल्याचा जुना विटांचा तबेला होता, त्यावर लाकडी फळ्यांचे छप्पर. १८७२ सालच्या राज्यपालपदाच्या निवडणुकीत दोन्ही पक्षांनी आपणच जिंकलो असे सांगितले, दोन राज्यपालांनी शपथ घेतली, आणि जिल्ह्यात शेरीफ व न्यायाधीश या पदांवर दोन दोन दावेदार उभे राहिले. रिपब्लिकन, म्हणजे लिंकन यांच्या आणि कृष्णवर्णीय मतदार ज्याच्या बाजूला होते त्या पक्षाने नेमलेल्या अधिकाऱ्यांनी मार्चच्या अखेरीस कचेरीचा ताबा घेतला. गोरे हत्यारबंद लोक आसपास जमू लागले, मळ्यांवरची कुटुंबे घाबरून गावात आली, आणि पुरुषांनी कचेरीभोवती उथळ चर खणून पहारा सुरू केला. त्यांतील काही जण उत्तरेच्या सैन्यात लढलेले होते, पण बंदुका थोड्या आणि काडतुसे त्याहून थोडी होती.

१३ एप्रिलच्या दुपारी ख्रिस्तोफर कोलंबस नॅश याच्या नेतृत्वाखाली सुमारे दीडशे गोऱ्यांनी चाल केली. बायकामुलांना निघून जाण्यासाठी अर्धा तास दिला गेला. गोऱ्यांजवळ एका आगबोटीवरची लहान तोफ होती. ती नदीच्या बाजूने आणून चरांवर डागली तेव्हा बचाव कोसळला. काही जण रानाकडे धावताना मारले गेले, बाकीचे कचेरीत शिरले. मग पकडलेल्या एका कृष्णवर्णीयालाच पेटता बोळा देऊन छप्पर पेटवायला लावले. आतल्या लोकांनी शरणागतीची पांढरी खूण बाहेर धरली. त्या क्षणी गोऱ्यांपैकी हॅडनॉट याला गोळी लागली. ती आतून आली की त्यांच्याच माणसांच्या हातून सुटली, यावर तेव्हापासून वाद आहे. त्यानंतर जळत्या इमारतीतून बाहेर पडणारा प्रत्येक जण गोळीला बळी पडू लागला. जे जिवंत पकडले गेले, त्यांना रात्री दोन दोनच्या रांगेत चालवत नेऊन मागून गोळ्या घालण्यात आल्या. लेव्ही नेल्सन नावाचा एक जण मेल्याचे सोंग घेऊन पडून राहिला आणि वाचला. न्यू ऑर्लिन्सहून सरकारी अधिकारी दोन दिवसांनी पोचले तेव्हा त्यांना पुरायची राहिलेली प्रेते मोजावी लागली. मृतांचा आकडा ६० पासून १५० पर्यंत वेगवेगळा दिला जातो. गोरे तीन मेले.

केंद्र सरकारचे वकील जेम्स बेकविथ यांनी ९० हून अधिक जणांवर आरोपपत्र ठेवले, पण हाती लागले नऊ. खुनाचा गुन्हा राज्याच्या अखत्यारीतला, आणि राज्य तो चालवू शकत नव्हते. म्हणून १८७० च्या केंद्रीय कायद्याखाली नागरिकांचे घटनात्मक हक्क हिरावण्याचा कट केला, असा आरोप ठेवावा लागला. दोन वेळा खटला चालला, लेव्ही नेल्सनने न्यायालयात उभे राहून साक्ष दिली, आणि शेवटी तिघे दोषी ठरले. २७ मार्च १८७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तेही सोडले. सरन्यायाधीश मॉरिसन वेट यांनी सांगितले की सभा भरवण्याचा आणि शस्त्र बाळगण्याचा हक्क घटनेने केंद्र सरकारच्या हस्तक्षेपापासून राखलेला आहे, आणि चौदावी दुरुस्ती राज्यांना बांधते. एका खासगी माणसाने दुसऱ्या खासगी माणसावर केलेल्या अन्यायात ती काही करू शकत नाही.

या वाक्याशी मी अडकतो. मारणारे सरकार नव्हते, म्हणून घटनेला त्यांच्याशी कर्तव्य नाही. आणि ज्या राज्याला कर्तव्य होते, त्या राज्यात मारणाऱ्यांचेच भाऊबंद पंच म्हणून बसत होते. सदस्यांचे विचार वाचायला आवडेल.

खानदेशी

लेख अतिशय आवडला. आमच्या घराण्यात तीन पिढ्या जिनिंगचा व्यवसाय असल्याने मी या विषयाकडे कापसाच्या बाजूने पाहतो, आणि मला वाटते ती बाजू इथे यायला हवी.

युद्धकाळात उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला. त्यामुळे आपल्याकडच्या कापसाला कधी नव्हता तो भाव आला, मुंबईत पैशाचा पूर लोटला, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांच्या शेअरांवर लोकांनी घरदार लावले, आणि १८६५ साली युद्ध संपताच तो सारा डोलारा कोसळला. दख्खनच्या कुणब्याने तेजीत कर्ज काढले होते. भाव उतरल्यावर तो सावकाराच्या वहीत अडकला, आणि १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे लोकांनी सावकारांचे रोखे बाहेर काढून जाळले. बाकीची कारणेही होती, सारावाढ हे त्यांतले मोठे. पण अमेरिकेतील युद्धाचा धागा सुप्यापर्यंत येतो, हे निश्चित.

नेमक्या त्याच वर्षांत तिकडच्या मुक्त गुलामाचे काय झाले ते पाहा. जमीन मालकाची, अवजारे आणि खेचर मालकाचे, आणि पीक निम्मे निम्मे. म्हणजे आपल्याकडची बटाई. हंगाम येईपर्यंत पीठ, डुकराचे मांस, कापड हे सारे दुकानदाराकडून उधार, आणि उधारीला तारण म्हणून उभे पीक. दुकानदार म्हणेल कापूसच लाव, कारण बाजारात तोच विकला जातो. वर्षअखेरीस हिशेब व्हायचा तो दुकानदाराच्या वहीप्रमाणे, आणि वही ज्याला वाचता येत नाही त्याच्या नावावर बाकी हमखास निघायची. बाकी फिटल्याशिवाय मळा सोडता येत नसे. या माणसाला मत कोणाला द्यायचे हे मालक सांगू शकतो, त्याला बंदूक दाखवावी लागत नाही. म्हणून मला वाटते की न्यायालयाच्या निकालापेक्षा जमीन न मिळणे हे अधिक खोलवरचे कारण असावे.

ध्रुवतारा

लेखकाच्या तळमळीबद्दल आदर ठेवून दोन आक्षेप नोंदवतो. एक, हे युद्ध गुलामगिरीसाठी झाले हे विधान फार सरळ आहे. राज्यांचे अधिकार, जकातीचे दर, उत्तर आणि दक्षिण यांची वेगळी अर्थव्यवस्था ही कारणे होतीच, आणि लिंकन यांनीही आरंभी आपला हेतू संघराज्य टिकवणे एवढाच सांगितला होता. दोन, उत्तरेकडून आलेल्या लोकांनी दक्षिणेत चालवलेली सरकारे भ्रष्ट होती, कर वाढले होते, आणि पराभूत प्रदेशावर लष्करी अंमल लादला तर संताप होणारच. कत्तलीचे समर्थन मी मुळीच करत नाही, परंतु तिच्यामागचा क्षोभ समजून घेतल्याशिवाय इतिहास अपुरा राहतो.

पाऊलवाट

ध्रुवतारा, आक्षेप सभ्यपणे मांडल्याबद्दल आभार. पहिल्याबद्दल मी दक्षिणेचीच साक्ष काढतो. जानेवारी १८६१ मध्ये संघराज्यातून बाहेर पडताना मिसिसिपीने जे कारणांचे निवेदन प्रसिद्ध केले, त्यात आपली भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे निगडित आहे, असे आरंभीच लिहिले आहे. फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांच्या नव्या संघाचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीव्हन्स यांनी मार्च १८६१ मध्ये सव्हाना येथील भाषणात सांगितले की आमच्या नव्या सरकारची कोनशिला हीच आहे, की निग्रो गोऱ्याच्या बरोबरीचा नाही. लिंकन यांचा आरंभीचा हेतू संघराज्य टिकवण्याचा होता, हे आपले म्हणणे खरे आहे. पण संघराज्य फुटले कशावरून, याचे उत्तर फोडणाऱ्यांनी स्वतः दिलेले आहे. शिवाय युद्धाने हेतू बदलला, आणि तो बदलण्यात उत्तरेच्या सैन्यात भरती झालेल्या सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा मोठा वाटा होता.

दुसऱ्या आक्षेपातील काही भाग मला मान्य आहे. लुइझियानाच्या राजकारणात लाच होती, आणि ती दोन्ही पक्षांत होती. करही वाढले, त्यांतले पुष्कळ शाळांवर खर्च झाले, कारण तोवर सरकारी शाळा फारच थोड्या होत्या, आणि कृष्णवर्णीयांसाठी तर नव्हत्याच. पण भ्रष्टाचाराचा क्षोभ असता तर तो भ्रष्ट माणसांवर निघाला असता. कोलफॅक्समध्ये मारले गेले ते मळ्यांवर कापूस वेचणारे लोक होते. लाच खाण्याइतकी सत्ता त्यांच्या हाती कधी आलीच नव्हती.

सनद

मी वकिली करते, म्हणून या निकालाकडे जरा वेगळ्या दृष्टीने पाहते. सरन्यायाधीश वेट यांची बाजू मांडायची झाली तर असे म्हणता येईल की आरोपपत्रच कच्चे होते. मृतांना ते कृष्णवर्णीय आहेत म्हणून मारले, हे त्यात जिथे स्पष्ट लिहायला हवे होते तिथे लिहिलेले नव्हते, आणि फौजदारी कायद्यात आरोप नेमका असावा लागतो, हे तत्त्व आरोपीच्या रक्षणासाठीच असते. पण कच्चे आरोपपत्र रद्द करून थांबता आले असते. न्यायालय थांबले नाही. त्याने चौदाव्या दुरुस्तीचा अर्थच आखडून टाकला, आणि जी दुरुस्ती मुक्त गुलामासाठी लिहिली गेली होती तिच्यातून त्याचा रोजचा शत्रू, म्हणजे शेजारी, मालक, रात्री तोंड झाकून येणारी टोळी, वगळला.

यापुढची पायरी १८८३ सालची. १८७५ साली काँग्रेसने कायदा केला होता की खाणावळी, नाटकगृहे, आगगाड्या अशा ठिकाणी वर्णावरून कोणाला अडवता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने तो याच तर्काने रद्द केला: खाणावळीचा मालक म्हणजे राज्य नव्हे. एकटे न्यायमूर्ती हार्लन विरोधात गेले. १८९६ साली रेल्वेच्या वेगळ्या डब्यांचा प्रश्न आला तेव्हाही विरोधी मत त्यांचे एकट्याचेच होते, आणि ते एका गुलामधारी कुटुंबात वाढलेले होते.

एक प्रश्न मात्र पडतो. केंद्राने मनावर घेतले असते तरी इतक्या पसरलेल्या प्रदेशात गावोगावचा हिंसाचार रोखणे त्या काळी शक्य होते का?

पाऊलवाट

शक्य होते, कारण एकदा ते करून दाखवले गेले होते. १८७१ साली काँग्रेसने कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या गुप्त हिंसक संघटनेविरुद्ध कायदा केला, आणि ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष ग्रँट यांनी साउथ कॅरोलिनाच्या नऊ तालुक्यांत बंदिप्रत्यक्षीकरणाचा हक्क तहकूब करून सैन्य पाठवले. ॲटर्नी जनरल एमोस अ‍ॅकरमन, जे स्वतः जॉर्जियात राहिलेले आणि दक्षिणेच्या सैन्यात नोकरी केलेले गृहस्थ होते, ते त्या भागात जाऊन कामावर लक्ष ठेवून होते. शेकडो जण पकडले गेले, कित्येक राज्य सोडून पळाले, आणि १८७२ पर्यंत क्लॅनचे कंबरडे मोडले. तेव्हा साधन होते आणि ते लागूही पडत होते.

त्यानंतर सप्टेंबर १८७३ मध्ये जे कुक नावाच्या बड्या बँकवाल्याची पेढी बुडाली, मंदी आली, उत्तरेचा मतदार आपल्या पोटापाण्याच्या चिंतेत पडला, आणि दक्षिणेच्या बातम्यांचा त्याला कंटाळा येऊ लागला. जानेवारी १८७५ मध्ये ग्रँट यांनी सिनेटला लेखी कळवले की कोलफॅक्सच्या खुन्यांना शिक्षा देण्याच्या वाटेत अडथळ्यांचे डोंगर उभे केले जात आहेत. त्या संदेशातला संताप आजही वाचताना जाणवतो. पण त्याच वर्षी मिसिसिपीत गोऱ्यांनी उघडपणे बंदुकीच्या जोरावर निवडणूक जिंकली तेव्हा राज्यपाल एम्स यांनी मागितलेले सैन्य धाडले गेले नाही. १८७६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत तीन दक्षिणी राज्यांचे निकाल वादात सापडले, पंधरा जणांच्या आयोगाने आठ विरुद्ध सात मतांनी रिपब्लिकन उमेदवार हेज यांना अध्यक्ष केले, आणि एप्रिल १८७७ मध्ये साउथ कॅरोलिना व लुइझियानाच्या सरकारी इमारतींवरचे सैनिक छावणीत परत गेले. दोन्ही राज्यांतील रिपब्लिकन सरकारे तत्काळ पडली.

मुळाक्षर

फुल्यांच्या अर्पणपत्रिकेचा उल्लेख वाचून पुढची कडी जोडावीशी वाटली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते, आणि अमेरिकेतील या इतिहासाचा त्यांचा अभ्यास पुढे त्यांच्या लिखाणात उतरला. काँग्रेस आणि गांधी यांच्यावरील १९४५ सालच्या पुस्तकात त्यांनी यादवी युद्धानंतर निग्रोंच्या वाट्याला काय आले ते सविस्तर सांगितले, आणि अस्पृश्य ते विसरू शकत नाहीत, असे बजावले. फुल्यांसमोर उत्तरेने दिलेले वचन होते. बाबासाहेबांसमोर त्या वचनाचे पुढे काय झाले याचा सत्तर वर्षांचा हिशेब होता.

घटना समितीसाठी तयार केलेल्या १९४७ सालच्या निवेदनात त्यांनी दुकाने, वाहने, पाणवठे येथील भेदभावाविरुद्ध जी कलमे सुचवली, ती अमेरिकेच्या १८६६ आणि १८७५ च्या नागरी हक्क कायद्यांवरून घेतल्याचे त्यांनी नमूद केले आहे. सनद यांनी वर सांगितलेला, न्यायालयाने रद्द केलेला कायदा म्हणजे यांतला १८७५ चा. आपल्या घटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानघाट यांची नावे घेऊन कोणालाही अडवता येणार नाही असे म्हटले आहे, आणि सतरावा अनुच्छेद अस्पृश्यता कोणत्याही रूपात पाळण्यास मनाई करतो. ती सरकारने पाळली की शेजाऱ्याने, असा भेद तिथे नाही.

हे सुचण्यासाठी त्यांना अमेरिकेपर्यंत जाण्याची गरजही नव्हती. १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला, त्यानुसार महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केले. तरी २० मार्च १९२७ रोजी पाणी प्यायल्यावर सत्याग्रहींना काठ्यांनी मारले ते गावातल्या लोकांनी. सरकारी कागद त्यांच्या बाजूचा होता.

डेल्टा

मी अनेक वर्षे लुइझियानात राहतो आहे. २०१८ साली कामानिमित्त त्या बाजूला गेलो असताना मुद्दाम कोलफॅक्सला थांबलो होतो. गाव अगदी लहान आहे. कचेरीच्या आवारात तेव्हा राज्य सरकारची १९५० सालची लोखंडी पाटी होती. तिच्यावर लिहिले होते की या जागी कोलफॅक्सची दंगल झाली, तीत तीन गोरे आणि १५० निग्रो मारले गेले, आणि या घटनेने दक्षिणेतील उपऱ्यांच्या कुशासनाचा अंत झाला. मी ती पाटी दोनदा वाचली. दीडशे माणसे मेल्याचे मान्य करून पुढच्याच वाक्यात समाधान व्यक्त करणारा सरकारी फलक मी आयुष्यात दुसरा पाहिलेला नाही.

तिथून स्मशानभूमीत गेलो. तिथे १९२१ साली उभारलेला, माणसाच्या दुप्पट उंचीचा संगमरवरी स्तंभ आहे, मेलेल्या तीन गोऱ्यांच्या नावांचा. गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी लढताना पडलेले वीर, असे त्यावर कोरलेले आहे. आडपडदा काही नाही. ध्रुवतारा यांनी क्षोभाचे कारण विचारले होते. ज्यांनी तो स्तंभ उभारला, त्यांना कारणाबद्दल शंका नव्हती असे दिसते.

लोखंडी पाटी मे २०२१ मध्ये काढण्यात आली. १३ एप्रिल २०२३ रोजी, दीडशे वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, गावात नवे स्मारक उभे राहिले, आणि त्यावर ओळख पटलेल्या मृत कृष्णवर्णीयांची नावे आहेत. ते पाहायला मी अजून गेलेलो नाही, पण जाणार आहे.

आमच्या राज्यातील एक आकडा इथे नोंदवतो. १८९६ साली लुइझियानात १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १८९८ च्या राज्यघटनेत साक्षरतेची आणि मालमत्तेची अट आली, आणि ज्याचे वडील किंवा आजोबा १८६७ पूर्वी मतदार होते त्याला त्या अटीतून सूट. १९०४ साली नोंद उरली १,३४२ जणांची. मधल्या काळात पंधरावी घटनादुरुस्ती जशीच्या तशी पुस्तकात होती, आणि १९६५ च्या मताधिकार कायद्यापर्यंत बहुतांशी ती पुस्तकातच राहिली.

ध्रुवतारा

डेल्टा यांचा प्रतिसाद वाचला. क्षोभाबद्दलचे माझे वाक्य मी मागे घेतो. मात्र खानदेशी यांच्या मुद्द्याला अजून उत्तर मिळालेले नाही. जमीन दिली असती तर चित्र वेगळे दिसले असते का?

पाऊलवाट

खानदेशी यांच्याशी मी सहमत आहे, आणि हा मुद्दा मूळ लेखातच यायला हवा होता.

जमीन काही काळ दिली गेली होती. जानेवारी १८६५ मध्ये सव्हाना शहरात जनरल शर्मन यांनी वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना बोलावून तुम्हाला काय हवे असे विचारले. गॅरिसन फ्रेझर या वृद्ध पाद्र्याने सर्वांच्या वतीने सांगितले की आम्हाला जमीन द्या, आम्ही ती कसून आपले पोट भरू. चार दिवसांनी, १६ जानेवारीला, आदेश निघाला आणि साउथ कॅरोलिनापासून फ्लोरिडापर्यंतच्या किनाऱ्यावर प्रत्येक कुटुंबासाठी ४० एकरांपर्यंत जमीन राखून ठेवली गेली. सुमारे ४०,००० लोक तिथे वसले. त्यांनी पेरणी केली. वर्ष संपण्याच्या आत अध्यक्ष जॉन्सन यांनी ती जमीन जुन्या मालकांना परत करण्याचे ठरवले.

ही बातमी सांगण्याचे काम मुक्त गुलामांच्या खात्याचे प्रमुख जनरल हॉवर्ड यांच्यावर आले. हा माणूस त्यांच्या बाजूचा होता, आणि युद्धात त्याने आपला उजवा हात गमावला होता. ऑक्टोबर १८६५ मध्ये एडिस्टो बेटावरच्या चर्चमध्ये लोक जमले, आणि हॉवर्ड यांनी त्यांना सांगितले की जुन्या मालकांना क्षमा करा आणि त्यांच्याकडे करार करून कामाला लागा. बेटावरच्या लोकांनी तिघांची समिती नेमून त्यांना लेखी उत्तर दिले. त्याचा आशय असा:

तुम्ही आम्हाला जमीनमालकांना क्षमा करायला सांगता. तुमचा युद्धात फक्त उजवा हात गेला, तुम्ही कदाचित क्षमा करू शकाल. ज्याने मला झाडाला बांधून एकोणचाळीस फटके मारले, माझ्या आईला आणि बहिणीला उघडे करून मारले, जो माझ्याकडून त्याची पेरणी करून घेतल्याशिवाय आणि तो देईल तो दाम मुकाट्याने घेतल्याशिवाय मला त्याच्या रिकाम्या झोपडीतही राहू देत नाही, आणि माझी स्वतःची जमीन झाली तर मी त्याचे तोंडही पाहणार नाही हे पक्के ओळखून जो मला जमीन मिळू नये म्हणून इतरांशी संगनमत करतो, त्या माणसाला क्षमा करणे मला जमणार नाही.